शेतीसंरक्षण बंदूक आणि नेमबाजी रायफल

शेतीसंरक्षण बंदूक म्हणजे वन्यप्राण्यांपासून उभ्या पिकाचे रक्षण करण्यासाठी परवान्यावर बाळगले जाणारे, प्रामुख्याने गुळगुळीत नळीचे अग्निशस्त्र होय. नेमबाजी रायफल ही मैदानावरील स्थिर लक्ष्याचा अचूक वेध घेण्यासाठी बनवलेली, नळीत सर्पिल खाचा असलेली रायफल असते. काही देशांत या दोन उपयोगांसाठी कोणती रायफल घ्यावी हा मुख्यतः आवडीचा आणि खर्चाचा प्रश्न असतो. भारतात मात्र ही निवड शस्त्र अधिनियम, १९५९ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या दोन कायद्यांनी बांधलेली आहे. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत शेतीला उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांना बोलीभाषेत ‘व्हार्मिंट’ म्हणतात. त्यांना दुरून टिपण्यासाठी जड नळीच्या, दुर्बीण लावलेल्या रायफली तेथे प्रचारात आल्या. अशाच रायफली मेजावर वाळूच्या पिशव्यांचा आधार देऊन झाडण्याच्या ‘बेंचरेस्ट’ या क्रीडाप्रकारातही वापरल्या जाऊ लागल्या. या खेळातील १०.५ पौंड व १३.५ पौंड वजनमर्यादेच्या दोन गटांना आजही अनुक्रमे ‘लाइट व्हार्मिंट’ व ‘हेवी व्हार्मिंट’ अशीच नावे आहेत. कागदावर उमटलेल्या गोळ्यांच्या छिद्रांपैकी सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर जितके कमी, तितकी कामगिरी सरस मानली जाते.

भारतात हौसेखातर शिकार करण्याची परंपरा १९७२ च्या कायद्याने संपुष्टात आली. त्यामुळे रानात न्यावयाचे शस्त्र हा विषय येथे केवळ पीकसंरक्षण व स्वसंरक्षण यांपुरता उरतो.

शस्त्र अधिनियमातील वर्गीकरण

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये या दोन उपयोगांसाठी वेगवेगळी शस्त्रे सांगितलेली आहेत. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचा विचार होतो. ती पुरेशी ठरणार नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान २० इंच लांबीच्या नळीची अन्य गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या वा संघटनेच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल अथवा हवाई रायफल यांचा परवाना मिळू शकतो.

परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. सातारा व सांगली येथे पोलीस आयुक्तालय नसल्याने जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारण परवानाधारकास जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली आहे.

रचना व उपयोगातील फरक

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे भरून ते गजाने ठासावे लागतात. एका बारानंतर पुन्हा भरण्यास वेळ लागतो. काळी दारू ओल धरते, त्यामुळे पावसाळी हवेत बार फुसका जाण्याची शक्यता असते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मुसळधार पावसात हा दोष विशेष जाणवणारा आहे.

बारा बोअरच्या बंदुकीत तयार काडतूस वापरले जाते. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्यास त्यातील एका गोळीचा जो व्यास, तोच या नळीचा व्यास, म्हणून तिला हे नाव मिळाले. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. काडतुसातील छर्रे बाहेर पडताच पसरत जातात. मोठ्या छर्ऱ्यांचा भरवशाचा पल्ला साधारण ३० ते ४० मीटर असतो.

रायफलीच्या नळीतील सर्पिल खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती गती मिळून ती सरळ व दूर जाते. .२२ बोअरच्या स्पर्धात्मक काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असून नळीतून बाहेर पडताना तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास असते. बारा बोअरच्या काडतुसाची एकत्रित ऊर्जा दोन हजार ज्यूलहून अधिक भरते. ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, तर १० मीटर हवाई रायफल प्रकारात केवळ ०.५ मिलिमीटर असतो. हवाई रायफलीचे वजन ५.५ किलोपर्यंत आणि ५० मीटर प्रकारातील रायफलीचे ८ किलोपर्यंत असू शकते. हे वजन नेम स्थिर ठेवण्यास उपकारक असले, तरी रात्री बांधावरून फिरताना ते ओझेच ठरते.

रानडुक्कर बहुधा रात्री शेतात शिरते आणि विजेरीच्या उजेडात, थोड्या अंतरावर, क्षणभरच दृष्टीस पडते. अशा वेळी मिलिमीटरच्या अचूकतेपेक्षा बंदूक चटकन खांद्याला लागणे महत्त्वाचे असते. .२२ च्या गोळीने किंवा हवाई बंदुकीच्या छर्ऱ्याने रानडुक्कर सहसा जागीच मरत नाही. जखमी होऊन ते झुडपांत किंवा उसात शिरते आणि माग काढणाऱ्यावर उलटते. शिवाय लक्ष्यवेधासाठी मिळालेला परवाना शेतराखणीसाठी वापरणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती

साताऱ्यातील महाबळेश्वर, जावळी व पाटण हे तालुके आणि सांगलीतील शिराळा तालुका सह्याद्रीच्या जंगलाला लागून आहेत. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्यही आहे. डोंगरालगतच्या भागात भात, नाचणी व भुईमूग या पिकांचे रानडुकरे आणि गवे यांच्याकडून नुकसान होते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यातही ऊस पोहोचला आहे. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा असल्याने रानडुकरांना खाद्य व लपण एकाच ठिकाणी मिळते.

अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यानापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांना वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार नावनोंदणी करावी लागते. या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती आवश्यक असते. परिणामी जेथे उपद्रव सर्वाधिक, तेथेच बंदुकीचा परवाना मिळणे सर्वांत कठीण होते.

निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवान्यावरील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला व २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. भात पक्व होऊन कापणीला येण्याचा हंगामही हाच असल्याने ऐन राखणीच्या वेळी बंदूक हाताशी नसण्याचा प्रसंग येतो.

परवाना आणि शिकारीची अनुमती

बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकासह मालमत्तेला ते धोकादायक ठरल्यास कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी लेखी व सकारण आदेशाने त्याला मारण्याची अनुमती देऊ शकतात. गवा अनुसूची १ मध्ये असल्याने पिकाचे नुकसान या कारणावरून त्याला मारता येत नाही. अनुमतीने मारलेला प्राणीही शासनाच्या मालकीचा असतो; त्याचे मांस घेणे वा विकणे गुन्हा ठरतो. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे पण अशी अनुमती नाही, त्याने प्राण्याला हुसकावण्यासाठी बार काढण्यापलीकडे जाऊ नये, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

सुरक्षितता

.२२ ची लहानशी गोळीदेखील सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते; मोठ्या बोअरच्या रायफलीची गोळी त्याहून कितीतरी दूर जाते. नेमबाजीच्या मैदानावर गोळी अडवण्यासाठी मागे मातीचा उंच बांध असतो. शेतात तसा अडसर नसतो. सपाट काळ्या रानात वस्त्या, पाणी पाजणारे शेतकरी आणि ऊसतोड मजुरांच्या खोपी जवळजवळ असतात. उसापलीकडे कोण आहे हे दिसत नाही. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आखूड पल्ला येथे उणीव न ठरता सुरक्षेची बाजू ठरतो. तरीही प्राणी स्पष्ट ओळखल्याशिवाय व त्याच्या मागे काय आहे याची खात्री केल्याशिवाय चापाला बोट लावू नये, हा नियम दोन्ही शस्त्रांना सारखाच लागू आहे.

नेमबाजी क्रीडा

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. सांगलीशेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने या खेळात विशेष नाव मिळवले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक पटकावले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. पुण्याजवळील बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीचे अद्ययावत मैदान आहे. बेंचरेस्ट हा प्रकार ऑलिंपिकमध्ये समाविष्ट नाही. नवोदितांचा प्रारंभ सामान्यतः १० मीटर हवाई रायफलीने होतो.

पर्यायी उपाय

बंदुकीखेरीज माळ्यावरून राखण, गोफण, डबे वाजवणे, फटाके, काटेरी कुंपण आणि सौर कुंपण हे उपाय प्रचलित आहेत. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे, फासे लावणे आणि खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब ठेवणे बेकायदेशीर आहे. अशा उपायांनी गुरे, बिबटे आणि माणसेही प्राणास मुकतात.