धावल्यावर कंबर का धरते? विश्रांती घ्यायची की धावत राहायचं?

दिवाळी सरली की मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर असते आणि हाताशी जेमतेम दोन महिने. मग पाच किलोमीटरवरून थेट दहा, दहावरून पंधरा अशा उड्या पडतात. एखाद्या सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकताना कंबरेत चमक भरते.

यानंतर लोक सहसा दोनपैकी एक चूक करतात. काही जण आठवडाभर अंथरुणाला खिळतात, तर काही जण वेदनाशामक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला जातात. पहिल्या चुकीने बरं व्हायला वेळ लागतो. दुसरी चूक जास्त महागात पडू शकते.

धावल्याने मणके झिजतात का?

घरातल्या मोठ्यांची ही ठरलेली भीती. उपलब्ध अभ्यास मात्र तिला दुजोरा देत नाहीत. 2017 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात 79 तरुण स्त्री-पुरुषांच्या मणक्यांचा एमआरआय अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन मणक्यांच्या मध्ये धक्का शोषणारी गादी असते. नियमित धावणाऱ्यांच्या गादीत पाण्याचं प्रमाण बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणजे गादीची स्थिती चांगली आढळली. आता यात एक मेख आहे. ज्यांची कंबर आधीपासून दुखते ते मुळात धावण्याच्या वाटेला कमी जातात, त्यामुळे धावल्यानेच गादी सुधारली असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण धावणाऱ्याचे मणके झिजतातच, हा समज टिकत नाही.

मग दुखतं कशामुळे?

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर जमिनीकडून पायावर येतो. मिनिटाला 160 ते 180 पावलं धरली तर अर्ध्या तासात असे सुमारे पाच हजार धक्के बसतात. ते पेलण्याचं काम पोटऱ्या, मांड्या, नितंब आणि पोटाचे खोलवरचे स्नायू करतात. हे स्नायू कमी पडले की एका पायावर भार असताना कटिभाग दुसऱ्या बाजूला कलतो आणि कंबरेच्या स्नायूंना जादा ओढ बसते.

दिवसभर खुर्चीत आणि दोन तास लोकलमध्ये किंवा गाडीत बसणाऱ्याचे नितंबांचे स्नायू कमकुवत असले तर नवल नाही. त्यात अंतर एकदम वाढवलं की कंबर तक्रार करते. लांब टांगा टाकल्याने धक्का वाढतो. चढावर कंबरेतून वाकून धावल्यानेही ताण पडतो. साताऱ्याचा यवतेश्वर घाट किंवा मुंबईतला पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांनी चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुखायला लागल्यावर काय करावं?

धावता धावता कळ आली तर थांबून चालत परतावं. पुढचे काही दिवस धावणं बंद, पण घरातली कामं आणि सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालणं सुरू ठेवावं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास आराम पडतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊन लांब पल्ला धावणं मात्र टाळावंच. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणू शकतात, शिवाय वेदना दबल्यामुळे कुठे थांबायचं हेच कळत नाही.

अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल तर पुन्हा सुरुवात करता येते. एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. किंचित अवघडल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चिंता नाही. सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मात्र एक पायरी मागे यावं.

पुन्हा होऊ नये म्हणून

इथे बहुतेक जण फक्त पाठीचे व्यायाम करतात. सिंगापूरमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 84 हौशी धावपटूंचे तीन गट करून आठ आठवडे वेगवेगळे व्यायाम दिले गेले. दुखणं तिन्ही गटांत कमी झालं, पण धावण्याची क्षमता सर्वांत जास्त सुधारल्याचं पायांचे व्यायाम करणाऱ्यांनी सांगितलं. म्हणून जिना किंवा स्टुलावर एकेक पाय ठेवून चढ-उतार, बैठका आणि सेतुबंधासन आठवड्यातून दोन-तीनदा करावं. जोडीला साइड प्लँक घ्यावा. गुडघे आणि तळवे टेकून उजवा हात व डावा पाय सरळ उचलून दहा सेकंद धरणं, मग बाजू बदलणं, हाही व्यायाम घरच्या चटईवर सहज होतो.

पावलं थोडी आखूड आणि जलद टाकावीत. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवावं, घाट आणि वेग एकाच आठवड्यात नको. महागडे बूट किंवा कंबरेचा पट्टा यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा साधं चालणं उपयोगी ठरलं आहे. 2024 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले 701 जण होते. मार्गदर्शनाखाली नियमित चालणाऱ्यांत दुखणं परत यायला मध्यमानाने 208 दिवस लागले, इतरांत 112.

डॉक्टरांकडे कधी?

दुखणं दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, रात्री झोपेतून जाग येऊ लागली, ताप किंवा विनाकारण वजन घटणं सोबत असेल किंवा कळ गुडघ्याखाली उतरून पायाला मुंग्या येत असतील, तर तपासणी करून घ्यावी. पायातली ताकद जाणं, लघवी तुंबणं किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघांच्या मधला भाग बधिर होणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नये. खालच्या मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याचं ते लक्षण असू शकतं आणि अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्यासाठी थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.