चौकट केवढी हवी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा ओसरला की आपल्या खानदेशात दोन-अडीच महिने फार देखणे जातात. वैशाखात रखरखीत दिसणारा सातपुडा हिरवागार झालेला असतो. लळिंगच्या किल्ल्यावर गवत वाढलेले असते, पाटणादेवीच्या डोंगरातून ओढे खळाळत असतात, आणि चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर उन्हे कलली की पाणी सोन्यासारखे चमकते. या दिवसांत जळगाव-धुळ्याकडची तरुण मंडळी कॅमेरे घेऊन बाहेर पडतात. मी इतिहासाचा अभ्यासक. जुनी देवळे आणि किल्ले टिपायचे म्हणून माझ्याही गळ्यात कॅमेरा असतो. तो पाहून कुणी ना कुणी हमखास विचारतो, ''सर, निसर्गचित्रांसाठी फुल फ्रेमच घ्यावा लागेल, की क्रॉप सेन्सर चालेल?''

विचारणारा बहुधा नोकरीला नुकताच लागलेला असतो, किंवा कापसाच्या नाहीतर केळीच्या पैशातून वडिलांनी काही रक्कम बाजूला काढून दिलेली असते. फुल फ्रेमचा कॅमेरा आणि त्याला शोभेल अशी लेन्स घ्यायची तर अनेक घरांची वर्षाची शिल्लक संपते. त्यामुळे या प्रश्नाला 'हौसेला मोल नाही' असे उत्तर देऊन भागत नाही. गंमत अशी, की हा प्रश्न आजचा नाहीच. दीडशे वर्षांपूर्वी, सेन्सर हा शब्दही नव्हता तेव्हा, तो आपल्याच परिसरात एकाला पडला होता. त्याने काय केले ते पाहिले, तर आपले उत्तर सोपे होते.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. डिजिटल कॅमेऱ्यात पूर्वीच्या फिल्मच्या जागी सेन्सर असतो. तो ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असला, तर त्याला फुल फ्रेम म्हणतात. क्रॉप सेन्सर साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा असतो. काही कंपन्यांचा त्याहूनही किंचित लहान. म्हणजे फुल फ्रेमचे क्षेत्रफळ क्रॉपच्या सुमारे अडीच पट भरते. मोठी परात जास्त पाऊस झेलते, तसा मोठा सेन्सर जास्त प्रकाश झेलतो. फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण 'फुल' कशाच्या मानाने? त्यासाठी मागे जावे लागेल.

१८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. छायाचित्र मोठे करून काढण्याची सोय तेव्हा व्यवहारात जवळजवळ नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात छाप घ्यायचा, म्हणजे काच जेवढी तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी काच, मोठी काच म्हणजे मोठा कॅमेरा, आणि मोठा कॅमेरा म्हणजे हमाल. सॅम्युअल बोर्न हा छायाचित्रकार १८६० च्या दशकात १२ बाय १० इंचांच्या काचा घेऊन हिमालयात फिरला, तेव्हा त्याच्या मागे डझनावारी हमाल चालत होते. त्याची एक काच आजच्या फुल फ्रेमच्या सुमारे नव्वदपट भरते.

त्याच सुमारास आपल्या शेजारी, अजिंठ्याला, मेजर रॉबर्ट गिल राहत होता. अजिंठा जिल्ह्याच्या हद्दीने छत्रपती संभाजीनगरात मोडत असला, तरी तिथे जायची वाट जगाला जळगावच्या स्टेशनावरूनच ठाऊक आहे. गिल हा मद्रास फलटणीतला अधिकारी. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम त्याला १८४४ साली सोपवण्यात आले. गिल आणि पारूची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. माहीत नसते ते हे, की हा चित्रकार पुढे छायाचित्रकारही झाला.

गिलने वर्षानुवर्षे खपून कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठी चित्रे केली. ती विलायतेला गेली आणि लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि प्रदर्शनातली त्याची चित्रे जळून गेली. थोडी तेवढी वाचली.

पण १८५० च्या दशकातच गिलने हाती कॅमेरा घेतला होता, आणि तो होता स्टिरिओ कॅमेरा. दोन डोळ्यांसारखी दोन भिंगे, शेजारी शेजारी दोन लहान चित्रे. ती एका खास दुर्बिणीतून पाहिली की दृश्याला खोली येते. लेणीचा खांब पुढे आणि मूर्ती मागे, अशी खरोखर दिसते. यातले एकेक चित्र जेमतेम तीन इंचांचे. बोर्नच्या काचांपुढे हा त्या काळचा 'क्रॉप' कॅमेराच म्हणा ना!

लहान चौकटीचे फायदेही उघड होते. लहान काचेला कमी फोकल लेंग्थचे भिंग पुरते. त्यामुळे प्रकाश लवकर टिपला जातो, आणि जवळचा दगड व दूरचा कडा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट येणे सोपे होते. ओझे कमी. आपल्या उन्हात काचेवरचे रसायन भराभर वाळणार, तेव्हा लहान काच सांभाळायला सोपी. गिलने हा कॅमेरा अजिंठा-वेरूळसह पश्चिम भारतात अनेक ठिकाणी नेला. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात शंभर स्टिरिओ चित्रे, दुसऱ्यात लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे. दोन्हींना स्थापत्याचे नामवंत अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी वर्णने लिहिली. प्रत्येक चित्र कुठले, त्यात काय पाहायचे, हे त्यात सांगितलेले आहे.

मोठे कॅनव्हास बहुतेक गेले. तीन इंची चित्रे उरली. आज अजिंठ्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा दर्शनी भाग कसा होता, कुठे पडझड होती, हे पाहायचे तर अभ्यासक त्याच लहान चित्रांकडे वळतात. अनेक प्रती निघाल्या, पुस्तकांतून त्या चार ठिकाणी गेल्या, म्हणून त्या टिकल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या जळगाव जिल्ह्यात, भुसावळला आहे.

आता 'फुल फ्रेम' या शब्दाची गोष्ट. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना डोंगरात भटकून निसर्गचित्रे काढायची हौस, आणि दम्याचा विकार. काचांचा जड कॅमेरा त्यांना पेलवेना. म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक छोटा कॅमेरा घडवला. सिनेमाच्या दोन चौकटी जोडून त्यांनी एक चौकट केली, ती ३६ बाय २४ मिलिमीटरची. पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या आसपास तयार झाला, आणि १९२५ साली 'लायका' या नावाने तो कॅमेरा बाजारात आला. मोठ्या काचांवर काम करणाऱ्यांनी या छोट्या चौकटीला 'मिनिएचर' म्हटले, आणि तिच्याकडे बराच काळ संशयाने पाहिले.

म्हणजे ज्या मापाला आज आपण 'फुल' म्हणतो, ते जन्माला आले तेव्हा लहानात मोडत होते. आणि ते जन्माला आले कशासाठी? निसर्गचित्रे काढणाऱ्या एका दमेकरी माणसाला डोंगर चढता यावा म्हणून!

पुढे डिजिटल युग आले. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापून काढतात. तुकडा मोठा असला की एका चकतीतून थोडे निघतात, आणि चकतीवरच्या एखाद्या बारीक दोषाने अख्खा मोठा तुकडा वाया जातो. त्यामुळे आकार दुप्पट झाला की किंमत दुपटीहून अधिक वाढते. १९९९ साली आलेला निकॉनचा डी-१ क्रॉप सेन्सरचाच होता. २००२ मध्ये कॅननने व्यावसायिकांसाठी फुल फ्रेम आणला, २००५ च्या फाइव्ह-डीमुळे तो हौशी मंडळींच्या नजरेत आला, आणि फिल्मच्या काळातल्या लेन्स पुन्हा पूर्वीसारख्या दिसू लागल्या. क्रॉप म्हणजे 'कापलेला' हे नाव या तुलनेतूनच चिकटले. नावातच कमीपणा आल्यामुळे घेणाऱ्याला उगीच वाटते, की आपण काहीतरी अर्धवट घेतोय.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. अजिंठ्याला वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. समोरच्या टेकडीवरून ते संपूर्ण वळण टिपायचे तर रुंद कोनाची लेन्स लागते. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरची लेन्स जेवढे दाखवील, तेवढे क्रॉपवर १६ मिलिमीटरची दाखवते. म्हणजे दृश्य बसत नाही अशी अडचण नाही. योग्य लेन्स मात्र हवी. दुसरे असे, की निसर्गचित्रात पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट हवे असते, म्हणून लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान ठेवावे लागते. अमेरिकेत अँसल अ‍ॅडम्स आदी छायाचित्रकारांनी १९३२ साली आपल्या गटाला 'एफ ६४' हे नाव दिले, ते अशाच बारीक छिद्रावरून. इथे क्रॉपचा फायदा आहे. फुल फ्रेमला एफ ११-१२ वर जेवढी खोली स्पष्ट मिळते, तेवढी क्रॉपला एफ ८ वरच मिळते. त्यामुळे मोठ्या सेन्सरने जास्तीचा प्रकाश झेलण्याची जी बढाई मारली, तिच्यातला बराच भाग इथे वजा होतो. उरलेले काम तिपाई करते. कॅमेरा स्थिर असला की शटर हवे तेवढे उघडे ठेवता येते.

मग फुल फ्रेम कुठे सरस ठरतो? सातपुड्यात रात्री तारांगण टिपायचे असेल, तर नक्कीच. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. तिथे मिणमिणत्या उजेडात हातात कॅमेरा धरून काम करताना सव्वा स्टॉपचा फायदा मोलाचा ठरतो. आपला काळा बेसॉल्ट आणि त्यामागचे झळझळीत आभाळ एकाच चित्रात सांभाळायचे असेल, तर मोठ्या सेन्सरच्या चित्रातली सावली उजळताना दाणे कमी दिसतात. भिंतभर छाप काढून विकायचे असतील, तरीही पैसे वसूल होतील. पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० बिंदूंचे चित्र मिळते. दर इंचाला ३०० बिंदू धरले, तरी २० इंच लांब आणि १३ इंच रुंद छाप सुरेख निघतो. आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात याहून मोठा छाप काढला आहे?

आणि निसर्गचित्राला कधी कधी डोंगरही लागत नाही, हे आपल्याच चाळीसगावने दाखवले आहे. कलामहर्षी केकी मूस यांचा जन्म १९१२ चा. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले, आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. त्यांची ख्याती झाली ती टेबलटॉप छायाचित्रणाने. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश हवा तसा पाडायचा आणि पाहणाऱ्याला अख्खे दृश्य उभे राहिल्याचा भास द्यायचा. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. तिथे गेलात तर चित्रांसमोर उभे राहून पाहा, हे कोणत्या मापाच्या फिल्मवर काढले असा प्रश्न मनात येतो का. प्रकाश कुठून आला, हेच पाहत आपण थांबतो.

म्हणून माझे उत्तर असे. पैसा मोजका असेल, तर क्रॉप कॅमेरा घ्या. वाचलेल्या रकमेतून चांगली रुंद लेन्स आणि भक्कम तिपाई घ्या, आणि उरलेले प्रवासाला ठेवा. रात्रीचे आकाश, अंधारी लेणी किंवा मोठे छाप हेच तुमचे काम असेल, तर फुल फ्रेमसाठी थांबणे योग्य. मात्र 'फुल फ्रेम आला की भामेरला जाऊ' म्हणत तीन पावसाळे घालवू नका. कारण भामेरची तटबंदी, लळिंगचे बुरूज, बळसाण्याची देवळे आणि तापीकाठचे घाट तुमच्यासाठी थांबणार नाहीत. दर पावसाळ्यात कुठे दोन दगड निखळतात, कुठे डोंगराच्या उतारावर खाण लागते, कुठे नवा रस्ता निघतो.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक विनंती करतो. चित्र काढलेत की गाव, तारीख आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढले, एवढे लिहून ठेवा, आणि त्याच्या प्रती दोन-तीन निरनिराळ्या जागी ठेवा. गिलची लहान चित्रे आज कामी येतात, त्यात फर्ग्युसनच्या वर्णनांचा आणि विखुरलेल्या प्रतींचा वाटा मोठा आहे. शंभर वर्षांनी धुळ्याचा एखादा विद्यार्थी तुमचे छायाचित्र हाती घेईल, तेव्हा सेन्सर केवढा होता हे तो विचारणार नाही. हा डोंगर कोणता आणि तेव्हा तो असा होता का, एवढेच विचारील.