लोहगावच्या तळाची कुळकथा

विमान थांबतं, लोक बॅगा काढायला उभे राहतात आणि घोषणा होते: हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, इथे छायाचित्रं काढायला मनाई आहे. पहिल्यांदा पुण्यात उतरणारा माणूस चटकन मोबाईल खिशात टाकतो. पुणेकरांना मात्र ती घोषणा पाठ असते. लोहगावचं सगळं कूळ तिच्यात आलं आहे.

मराठीत ‘तळ’ हा शब्द फौजेचा. फौज मुक्कामाला थांबली की तळ पडला म्हणायचं. विमानतळ म्हणताना आता ते कुणाला आठवत नाही, पण लोहगावला तो शब्द अक्षरशः लागू आहे. 1939 साली रॉयल एअर फोर्सने मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी इथे तळ उभारला. बंदर आणि गोदी खाली समुद्राकाठी, राखणदार घाटमाथ्यावर, 592 मीटर उंचीवर. युद्धाच्या काळात इथून स्पिटफायर उडाली, वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानं उडाली, लाकडी सांगाड्याची मॉस्किटोही उडाली. मे 1947 मध्ये, स्वातंत्र्याला तीन महिने उरले असताना, तळ रॉयल इंडियन एअर फोर्सकडे आला.

खरा फाटा फुटला तो इथे. मुंबईचा सांताक्रूझही युद्धात रॉयल एअर फोर्सकडे होता, पण युद्धानंतर तो नागरी विमानांचा झाला. लोहगाव हवाई दलाकडेच राहिला. प्रवाशांना मिळाली ती तळाच्या कडेची जागा. भारतात आलेली पहिली सुखोई-30 विमानं 1997 साली याच तळावर दाखल झाली. आजही सुखोई उडतात तेव्हा लोहगाव-धानोरीत खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि फोनवर बोलणारा माणूस आपसूक थांबतो. बोलणं पुन्हा सुरू होतं ते आवाज विरल्यावरच.

जुलै 2024 पासून नवं टर्मिनल वापरात आलं. इमारत मोठी झाली, धावपट्टी मात्र तीच, सुमारे अडीच किलोमीटरची, आणि आकाशाचं नियंत्रण हवाई दलाचं. 2021 च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या डागडुजीसाठी पंधरवडाभर पुण्याची प्रवासी विमानसेवा बंद होती. आपण त्याला गैरसोय म्हणतो. माझ्या मते तसं म्हणणं न्यायाचं नाही. हे घर ज्यांच्यासाठी बांधलं ते अजून त्यात राहतात, आणि आपल्याला त्यांनी ओसरी दिली आहे. शहराला स्वतःचं अंगण हवं असेल तर पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या जमिनीचा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांशी नीट बोलून सोडवावा लागेल.

लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजूर केला. ते नाव फलकावर लागेल तेव्हा त्याखाली 1939 हे सालही कोरावं, एवढीच विनंती.