बुऱ्हाणपूरची सती-उन्-निसा : तळटीप

सती-उन्-निसा खानम हिला केवळ शाहजहानची बेगम मुमताज हिची सेविका मानणे अपुरे आहे. इराणमधील आमुलच्या विद्वान घराण्यातली ही स्त्री. जहांगीरचा राजकवी तालिब आमुली तिचा धाकटा भाऊ. पतीच्या निधनानंतर ती मुमताजकडे आली, तिची मोहर सांभाळू लागली आणि मुमताजची मुलगी जहांआरा हिची शिक्षिका झाली. जून १६३१ मध्ये मुमताज बुऱ्हाणपुरात वारली. तापीपलीकडच्या झैनाबाद बागेतून तिचा देह डिसेंबरात आग्र्याला नेला, तेव्हा शहजादा शुजासोबत सती-उन्-निसाही होती.

सती-उन्-निसाने माहेरचा इराणी वारसा जपला, असे म्हणता येईल; पण मुघल दरबाराची भाषाच फारसी. मग हिने वेगळा वारसा तो कोणता जपला, अशी शंका कुणी घेईल. पण राजभाषा असली तरी कुराणपठण, वैद्यक आणि फारसी साहित्य ही विद्या तिने माहेराहून आणली होती; मान मिळाला तो त्या बळावर. तिची माहिती देणारे दरबारी बखरकार मर्जीतल्यांची स्तुती करतात, हेही खरे. तरीही भावाच्या पोरक्या मुली या निपुत्रिक विधवेने पोटच्या मानून वाढवल्या, यात दरबारी लाभ दिसत नाही. त्यांतली धाकटी गेल्यावर थोड्याच दिवसांत, १६४७ च्या सुमारास, लाहोरला तिचाही अंत झाला. तिची कबर मात्र आग्र्याला ताजमहालाजवळ आहे; देह नंतर तिथे नेला.