अदृश्य मिळकतीचा कारभार



जमीन, पाणी, जंगले आणि खाणी या राष्ट्राच्या मिळकती होत, हे आपणांस कोणी समजावून सांगावे लागत नाही. कारण त्या डोळ्यांना दिसतात. परंतु याच पंक्तीस बसणारी आणखी एक मिळकत अशी आहे की, ती दिसत नाही, हातास लागत नाही, तिला रंग नाही की वजन नाही. आणि तरीही गेल्या तीस वर्षांत तिच्यापायी आपल्या देशात मोठमोठे कज्जे झाले, लक्षावधी कोटी रुपये मोजले गेले आणि एका मंत्र्यास पायउतार व्हावे लागले. ही मिळकत म्हणजे बिनतारी लहरींचा पट्टा. त्यास आता सर्रास ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात. आपल्या खिशातील मोबाईल याच पट्ट्यावर बोलतो. या मिळकतीचा कारभार आपण कसकसा केला, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. बिनतारी लहरी एका सेकंदात किती वेळा कंप पावतात, यावरून त्यांचे वर्ग पडतात. सेकंदास दहा लक्ष कंप म्हणजे एक मेगाहर्ट्झ. नभोवाणी, दूरचित्रवाणी, विमानांचे मार्गदर्शन, सैन्याचे संदेश, पोलीस आणि मोबाईल ही सर्व मंडळी या एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी नांदतात. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच कंपनसंख्येवर दोघे बोलू लागले तर दोघांचेही बोलणे कळेनासे होते. म्हणून वाटणी करावीच लागते. शिवाय पट्ट्याचे सर्व भाग सारख्या गुणाचे नाहीत. कमी कंपांच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतून पार होतात. त्यामुळे थोड्या मनोऱ्यांत पुष्कळ मुलूख व्यापतो. अधिक कंपांच्या लहरी लवकर थकतात, परंतु त्या भागात जागा मुबलक असल्यामुळे संदेशांचा भार पुष्कळ वाहतात. आपल्यासारख्या खेड्यापाड्यांच्या देशास पहिल्या जातीच्या लहरींचे मोल विशेष, हे यावरून लक्षात येईल.

या मिळकतीचा एक धर्म मात्र खाणीहून अगदी निराळा आहे. कोळसा आज काढला नाही तर तो उद्यासाठी शिल्लक राहतो. लहरी वापरल्याने कमी होत नाहीत. पण आज वापरल्या नाहीत तर आजचा दिवस वाया गेला, तो परत येत नाही. यास्तव तिला उपमा द्यावयाची ती पाटाच्या वाहत्या पाण्याची द्यावी. आपल्याकडे नाशिक-धुळे भागात पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटण्याची फार जुनी चाल आहे. तेथे पाळी ठरलेली, पाटकरी ठरलेला. कोणी पाणी आपल्याच शेताकडे वळविले तर तो अन्याय; आणि पाळीचे पाणी कोणाच्याच शेतात न जाता नुसते वाहून गेले, तर तेही नुकसानच. लहरींच्या कारभारात ही दोन्ही पापे घडली आहेत. त्यांपैकी पहिल्याचा गवगवा फार झाला. दुसऱ्याकडे लोकांचे लक्ष फारसे गेले नाही.

या लहरींशी आपल्या देशाची ओळख जुनी आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यास बिनतारी लहरींच्या योगे दूरची घंटा वाजवून दाखविली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. कायदेही त्या काळचेच. १८८५ च्या तारायंत्र कायद्याने संदेशवहनाचा अनन्य हक्क सरकारास दिला, आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. वडीलधाऱ्या श्रोत्यांस घरच्या रेडिओच्या परवान्यासाठी टपाल कचेरीत भरलेले पैसे अद्याप स्मरत असतील. हे कायदे वाटणीसाठी नव्हते, ताब्यासाठी होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये लहरींच्या आखणीसाठी केंद्र सरकारात एक स्वतंत्र शाखा निघाली. तथापि मागणारे बहुतेक सरकारी खात्यांतीलच असल्यामुळे वाटणीचा खरा प्रश्न पुढे चाळीस वर्षे उभाच राहिला नाही.

तो उभा राहिला १९९४ मध्ये. त्या वर्षीच्या दूरसंचार धोरणात सरकारने स्वतःच नमूद केले की, देशात शंभर माणसांमागे एक टेलिफोनही नाही. प्रमाण अवघे ०.८ आहे, आणि सुमारे २५ लक्ष लोक जोडणीची वाट पाहत आहेत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत दोन दोन कंपन्यांस मोबाईलचे परवाने देण्यात आले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. परवान्याबरोबर लहरी आपसूकच मिळत. त्यांचे निराळे मोल कोणी ठरविले नव्हते. उलट परवान्यासाठी इतर प्रांतांत कंपन्यांनी इतक्या मोठ्या रकमा कबूल केल्या की, त्या फेडता येईनात. अखेर १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक रकमेऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची रीत घातली.

योगायोग असा की, ज्या वर्षी मोबाईल आला, त्याच वर्षी लहरी कोणाच्या, या प्रश्नाचाही निवाडा झाला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९९३ मध्ये भरविलेले सामने दूरचित्रवाणीवर कोणी दाखवावे, असा तो वाद होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लहरी ही सार्वजनिक मिळकत आहे, आणि तिचे नियमन लोकहितार्थ झाले पाहिजे. ज्या तीन न्यायमूर्तींनी हा निकाल दिला, त्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तत्त्व थोर होते. परंतु ते मोबाईलच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचावयास पुढे सतरा वर्षे लागली.

मध्यंतरी मोबाईल झपाट्याने पसरला. २००३ मध्ये आलेल्या फोनचे पैसे देणे बंद झाले, आणि २००४ मध्ये मोबाईलधारकांची संख्या तारेच्या टेलिफोनधारकांहून अधिक झाली. जी वस्तू श्रीमंतांची चैन होती ती भाजीवाल्याच्या व सुताराच्या उपजीविकेचे साधन बनली. साहजिकच लहरींची मागणी वाढली. पण वाटणीची रीत तीच राहिली: जो आधी येईल त्यास आधी. अशी रीत दिसावयास न्याय्य दिसते; परंतु रांग कोठे व केव्हा लागणार, हे ठरविणाराच जर दार उघडणारा असेल, तर त्या न्यायात काही अर्थ उरत नाही. जानेवारी २००८ मध्ये १२२ परवाने २००१ मध्ये ठरलेल्या दराने देण्यात आले, आणि अर्ज विचारात घेण्याची अखेरची तारीख मागाहून अलीकडे ओढण्यात आली. २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या लहरींचा लिलाव चौतीस दिवस चालून सुमारे ६७ हजार कोटी रुपये आले, तेव्हा २००८ चा दर किती स्वस्त होता, हे सर्वांच्या डोळ्यांत भरले. त्याच वर्षी दूरसंचारमंत्री ए. राजा यांनी राजीनामा दिला, आणि महालेखापरीक्षकांनी अनुमानित तोट्याचा सर्वांत मोठा आकडा १ लक्ष ७६ हजार कोटींचा मांडला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १२२ परवाने रद्द केले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने सर्व आरोपींस निर्दोष सोडले. त्याविरुद्धचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दाखल करून घेतले. गुन्हा सिद्ध होणे आणि पद्धत सदोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पद्धत सदोष होती, म्हणूनच परवाने गेले. शिवाय सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेस उत्तर देताना सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, लिलाव हाच काही सार्वजनिक मिळकत देण्याचा एकमेव मार्ग नव्हे. या खुलाशाची आठवण आपण फारशी ठेवली नाही.

कारण त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकास गेला. पूर्वी स्वस्त दिल्याचा कलंक लागला, म्हणून आता महाग ठेवण्यात सुरक्षितता वाटू लागली. वर ज्या दूरवर जाणाऱ्या लहरी म्हटल्या, त्यांतील ७०० मेगाहर्ट्झचा भाग २०१६ मध्ये लिलावास निघाला, तेव्हा देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची किमान किंमत ११,४८५ कोटी रुपये ठेवली होती. एकाही कंपनीने बोली लाविली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली. तरीही कोणी हात लाविला नाही. अखेर २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर उतरली, तेव्हा त्यांतील काही भाग विकला गेला. म्हणजे रेल्वेस २०२१ मध्ये दिलेला लहानसा वाटा सोडता, खेड्यांस सर्वांत उपयोगी पडणाऱ्या या लहरी सहा वर्षे पडीक राहिल्या. त्या वर्षांचे पाणी वाहून गेले. त्यांत खजिन्यास काही मिळाले नाही, कंपन्यांस मिळाले नाही आणि डोंगरकपारीच्या ज्या वाडीस मनोरा हवा होता, तिलाही मिळाले नाही. या तोट्याबद्दल कोणावर खटला झाला नाही. कारण न केलेल्या कामाची चोरी पकडता येत नाही.

याच सुमारास कंपन्यांची गर्दीही ओसरली. एकेका विभागात दहाहून अधिक कंपन्या लहरींचे चिंधीएवढे तुकडे धरून बसल्या होत्या; आज देशभर सेवा देणाऱ्या खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत. ही स्थिती अनेक कारणांनी आली. त्यांत जबर बोलींसाठी काढलेल्या कर्जाचे कारण लहान नाही. लिलाव किंमत ठरवितो, कर्तव्य ठरवीत नाही. ज्या गावात नफा नाही तेथे मनोरा कोणी उभारावा, याचे उत्तर लिलावात मिळत नाही. त्यासाठी परवान्यात अट घालावी लागते किंवा कंपन्यांच्या उत्पन्नातून निराळा निधी उभारावा लागतो.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घ्यावी, असे संसदेने ठरविले. लिलाव हा नियम, आणि संरक्षण, उपग्रहसेवा यांसारख्या नमूद केलेल्या कामांसाठी अपवाद, अशी त्याची योजना आहे. परंतु माझ्या मते त्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम ते, की ज्यान्वये सबळ कारणावाचून न वापरलेल्या लहरी सरकारास परत घेता येतात. पाळीचे पाणी न घेणाऱ्याची पाळी पुढच्यास जावी, हा फडावरचा न्याय प्रथमच कायद्याच्या भाषेत आला आहे. तो सरकारी खात्यांसही तितक्याच कठोरपणे लागू होतो की नाही, हे मात्र पाहावे लागेल.

लिलावानंतर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘किती कोटी मिळाले’ हा मथळा असतो, आणि आपणही तेवढाच वाचतो. तो आकडा महत्त्वाचा खरा. परंतु मिळकतीच्या मालकाने कारभाऱ्यास विचारावयाचे प्रश्न तेवढ्यावर संपत नाहीत. कोणत्या नियमाने दिले, तो नियम आधी जाहीर केला होता काय, जे दिले ते वापरात आहे काय, आणि जे दिले नाही ते का पडून आहे, हेही विचारले पाहिजे. न्यायालयाने १९९५ मध्ये या लहरी आपल्या आहेत असे सांगितले. मालकाने हिशेब मागितल्याखेरीज मालकी कागदावरच राहते.