लहरी कोणाच्या? एका परवान्याची गोष्ट

श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका दूरचित्रवाणी केंद्राच्या परवान्याची गोष्ट सांगणार आहे. परवाना म्हटलं की कागदपत्रं, शिक्के, मुदतवाढ असल्या रुक्ष गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पण अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या काही माणसांनी अशाच एका परवान्यासाठी चौदा वर्षं झुंज दिली. त्या झुंजीतून एका प्रश्नाचा निकाल लागला, आणि तो प्रश्न रेडिओ ऐकणाऱ्या व टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. हवेतून येणाऱ्या या लहरी कोणाच्या? आणि त्या वापरणारा नीट वागत नसेल, तर त्याच्याविरुद्ध दाद मागायचा अधिकार कोणाला?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. वर्तमानपत्रं एका गावात कितीही निघू शकतात. लहरींचं तसं नाही. एकाच लहरीवर दोन केंद्रं बोलू लागली, तर दोन्ही ऐकू येत नाहीत. म्हणून कोणती लहर कोणी वापरायची, हे कोणीतरी ठरवावं लागतं. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने हे काम फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी या आयोगाकडे आलं. लहर कोणाच्या मालकीची होणार नाही, ती फक्त ठरावीक मुदतीसाठी वापरायला मिळेल, आणि वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असं कायदा सांगत होता. मुदत तीन वर्षांची. ती संपली की पुन्हा अर्ज करायचा. प्रत्यक्षात मात्र हे नूतनीकरण म्हणजे निव्वळ उपचार झाला होता. अर्ज यायचा आणि मंजूर व्हायचा. ज्यांच्या हितासाठी हे सगळं, त्या लोकांना कोणी विचारत नव्हतं.

आता मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथे जाऊ. तिथे १९५३ मध्ये डब्ल्यूएलबीटी नावाचं दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं. मालक होती लामार लाइफ ही विमा कंपनी. केंद्राच्या मुख्य प्रक्षेपण क्षेत्रात जवळजवळ ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीयांची होती. म्हणजे दर दोन प्रेक्षकांमागे जवळपास एक. पण पडद्यावर हे लोक जणू त्या राज्यात राहतच नव्हते.

१९५५ मधला प्रसंग पाहा. एनबीसी या राष्ट्रीय जाळ्यावर थर्गुड मार्शल यांची मुलाखत सुरू होती. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ऐतिहासिक खटला जिंकलेले हे वकील पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. देशभर ही मुलाखत दिसत होती, पण जॅक्सनमध्ये पडद्यावर पाटी झळकली, ‘क्षमस्व, केबलमध्ये बिघाड आहे’. बिघाड कसलाही नव्हता. मुलाखत मुद्दाम तोडली होती. एवढंच नव्हे, तर केंद्राच्या व्यवस्थापकाने वर्णभेदाचा पुरस्कार करणाऱ्या गोऱ्यांच्या सभेत ही गोष्ट अभिमानाने सांगितली.

तक्रारी गेल्या. १९५७ मध्ये वर्णभेद टिकवण्याचा प्रचार करणारा कार्यक्रम या केंद्राने दाखवला आणि उलट बाजू मांडायला वेळ नाकारला. पुन्हा तक्रार गेली. आयोगाने परवाना चालूच ठेवला. मेडगर एव्हर्स हे तिथले नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते. आम्हालाही बोलायला वेळ द्या, अशी मागणी ते वर्षानुवर्षं करत होते. शेवटी २० मे १९६३ रोजी जॅक्सनच्या महापौरांच्या भाषणाला उत्तर देण्यासाठी त्यांना सतरा मिनिटं मिळाली. शहराने या माणसाचा चेहरा आणि आवाज पहिल्यांदाच घरात बसून पाहिला, ऐकला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १२ जूनला, स्वतःच्याच घराच्या दारात एव्हर्स यांची गोळी घालून हत्या झाली. मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडावं लागलं. तिथे पडद्यावर येणं किती महाग पडू शकत होतं, हे यावरून कळेल.

आता गोष्टीत एव्हरेट पार्कर नावाचे पाद्री येतात. न्यूयॉर्कमध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेचा दळणवळण विभाग ते सांभाळत. त्यांचं म्हणणं असं, की केंद्र पक्षपाती आहे असं नुसतं म्हणून भागणार नाही, ते मोजून दाखवलं पाहिजे. १९६४ च्या मार्च महिन्यातला पहिला आठवडा त्यांनी निवडला. जॅक्सनमधल्याच काही गोऱ्या नागरिकांना नोंदी कशा घ्यायच्या याचं शिक्षण दिलं. आठवडाभर त्यांनी केंद्राचं प्रक्षेपण पाहिलं आणि लिहून काढलं. कोणता कार्यक्रम, किती मिनिटं, कोण बोललं, कोणाला वगळलं. कृष्णवर्णीयांचा उल्लेख करताना ‘मिस्टर’, ‘मिसेस’ ही साधी आदरार्थी संबोधनंही गाळली जात होती, याचीसुद्धा नोंद झाली. जिवाला धोका होता, म्हणून या मंडळींची नावं गुप्त ठेवली गेली. माझ्या मते या कथेतले खरे नायक तेच आहेत. त्यांनी मोर्चा काढला नाही, भाषण केलं नाही. घरात बसून, लक्ष देऊन टीव्ही पाहिला, आणि पाहिलं ते लिहिलं.

या नोंदींच्या आधारे एप्रिल १९६४ मध्ये परवान्याच्या नूतनीकरणाला विरोध करणारा अर्ज दाखल झाला. पार्कर यांच्या संस्थेबरोबर दोन स्थानिक अर्जदार होते. औषधांचं दुकान चालवणारे आरन हेन्री आणि पाद्री आर. एल. टी. स्मिथ. १९६२ मध्ये स्मिथ काँग्रेसच्या निवडणुकीला उभे होते, तेव्हा याच केंद्रावर वेळ मिळवण्यासाठी त्यांना झगडावं लागलं होतं.

आयोगाचं उत्तर काय असावं? तुमचा या प्रकरणाशी संबंधच नाही! तेव्हाचा प्रघात असा, की परवान्याला हरकत घ्यायचा अधिकार दोघांनाच. ज्याचं आर्थिक नुकसान होत असेल त्याला, किंवा ज्याच्या प्रक्षेपणात अडथळा येत असेल त्याला. म्हणजे शेजारच्या केंद्राच्या मालकाचे चार डॉलर बुडत असतील, तर तो येऊ शकत होता. ज्याच्या घरात ते केंद्र रोज दिसतं, तो प्रेक्षक मात्र परका. १९६५ मध्ये आयोगाने काही अटी घालून परवान्याला एक वर्षाची मुदतवाढ देऊन टाकली.

अर्जदार न्यायालयात गेले. मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला होता न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांनी. बर्गर काही क्रांतिकारक नव्हते, पुराणमतवादी म्हणूनच ते ओळखले जात. पण त्यांनी स्वच्छ सांगितलं, की वर्तमानपत्र मालकाच्या मर्जीप्रमाणे चालू शकतं, प्रक्षेपण केंद्र नाही. परवानाधारकाने सार्वजनिक मालमत्ता वापरायला घेतलेली असते, तेव्हा त्याच्यावर लोकांप्रती बंधनं येतात. आणि लोकहित जपलं जातंय की नाही, हे श्रोत्यांइतकं कोण सांगू शकेल? म्हणून श्रोत्यांच्या जबाबदार प्रतिनिधींचं म्हणणं ऐकलंच पाहिजे.

इतकं होऊनही आयोग बधला नाही. १९६७ मध्ये जॅक्सनमध्ये सुनावणी झाली. पुराव्याचा सगळा भार नागरिकांवर टाकला गेला, त्यांना त्रास देणारे लोक समजून वागवलं गेलं, आणि १९६८ मध्ये परवान्याचं पुन्हा नूतनीकरण झालं. प्रकरण परत बर्गर यांच्यापुढे आलं. २० जून १९६९ रोजी त्यांनी आयोगाला कठोर शब्दांत फटकारलं आणि परवाना रद्द केला. त्यानंतर तीनच दिवसांनी बर्गर यांनी अमेरिकेचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली.

१९७१ मध्ये केंद्र तात्पुरतं एका ना-नफा संस्थेकडे आलं. तिच्या संचालक मंडळात गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही होते. १९७२ मध्ये विल्यम डिल्डे व्यवस्थापक झाले. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी केंद्राचे ते पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक. आणि या निकालाचा परिणाम जॅक्सनपुरता राहिला नाही. १९६९ मध्येच टेक्सारकाना इथल्या केटीएएल केंद्राने परवाना अडकेल या धास्तीने स्थानिक कृष्णवर्णीय संघटनांशी लेखी करार केला, त्यांच्या प्रश्नांना जागा देण्याचं आणि कृष्णवर्णीय वार्ताहर नेमण्याचं मान्य केलं. पुढे गावोगावच्या नागरिकांनी असेच अर्ज केले. श्रोता हा ग्राहक नसून पक्षकार आहे, हे कायद्याने मान्य केलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण इतिहास तसा थांबत नाही. १९८१ मध्ये दूरचित्रवाणी परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली, १९९६ मध्ये आठ वर्षांवर. म्हणजे हिशेब विचारण्याची वेळच विरळ झाली. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन १९८७ मध्ये आयोगाने काढून टाकलं. एका मालकाकडे किती केंद्रं असावीत याच्या मर्यादाही सैल होत गेल्या. १९९६ च्या कायद्याने रेडिओपुरती देशपातळीवरची मर्यादा पूर्णच उठवली. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक रेडिओ केंद्रं जमा झाली.

२ जून २००३ रोजी आयोगाने मालकीचे नियम आणखी सैल करायचं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. या वेळी मात्र लोक जागे होते. विरोधात मत देणारे दोन सदस्य, मायकेल कॉप्स आणि जोनाथन एडेलस्टीन, गावोगावी लोकांची मतं ऐकत फिरले होते. आयोगाकडे लाखोंनी पत्रं आणि संदेश आले, बहुतेक सगळे विरोधाचे. बंदूकधारकांची संघटना आणि स्त्रीवादी संघटना, एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या, इथे एका बाजूला होत्या. फिलाडेल्फियातल्या प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट या कमी शक्तीच्या रेडिओसाठी झटणाऱ्या छोट्याशा गटाने न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २००३ मध्ये नव्या नियमांना स्थगिती मिळाली आणि २००४ मध्ये न्यायालयाने ते आयोगाकडे फेरविचारासाठी परत पाठवले. हा झगडा पुढे सतरा वर्षं चालला. अखेर १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाची बाजू उचलून धरली, आणि वर्तमानपत्र व प्रक्षेपण केंद्र एकाच गावात एकाच्याच हाती नको, या १९७५ पासूनच्या नियमाचा शेवट पक्का झाला.

आणि जॅक्सनचं ते केंद्र? मधल्या काळात ते कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेल्या कंपनीकडे होतं. पुढे विक्रीत हात बदलत बदलत २०१९ मध्ये ते ग्रे टेलिव्हिजन या बड्या कंपनीकडे गेलं, जिची केंद्रं देशभर पसरलेली आहेत.

हे सगळं मी मराठी श्रोत्यांना का सांगतो आहे? कारण लहरींचा प्रश्न आपल्याकडेही न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नको. पण मक्तेदारी पैसेवाल्यांच्या हातात गेली, तर तीही नागरिकांच्या हक्काला तितकीच घातक, अशी जाणीव त्या निकालात आहे. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी न्यायमूर्ती होते.

पुढे काय झालं? एफएमच्या लहरी लिलावात निघाल्या. २०११ च्या धोरणाने खासगी केंद्रांना पंधरा वर्षांची परवानगी दिली. जास्त बोली लावील त्याला लहर. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली, आणि सातारा जिल्ह्यात म्हसवडसारख्या दुष्काळी गावात माणदेशी बायकांचा आवाज हवेत गेला, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच धोरणाने या केंद्रांना बातम्या द्यायला मनाई केली. प्रसारमाध्यमांची मालकी मोजक्या हातांत एकवटू नये म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१४ मध्ये शिफारसी केल्या. त्यांचा कायदा झाला नाही.

लिलावात बोलीची रक्कम विचारली जाते. या लहरीवर तुम्ही कोणाचं बोलणं लोकांपर्यंत पोचवलंत आणि कोणाचं तोडलंत, हे विचारायची जागा त्यात नसते. ती जागा जॅक्सनच्या लोकांनी भांडून मिळवली होती, आणि नंतर ती हळूहळू आक्रसत गेली, हेही आपण पाहिलं. एकदा मिळालेला हक्क वापरात राहिला नाही, तर तो कागदावरच उरतो. म्हणून मला वाटतं, आपल्या गावातल्या शाळा-कॉलेजांनी, ग्रंथालयांनी, महिला मंडळांनी वर्षातला एक आठवडा निवडावा. स्थानिक केंद्रावर आपल्या पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल, शेतमालाच्या भावाबद्दल किती मिनिटं बोललं गेलं आणि कोण बोललं, हे वहीत लिहून काढावं. बर्गर यांच्यापुढे खटला उभा राहिला, तो अशाच नोंदींवर. पुढच्या वेळी परवानगीची मुदत संपेल, तेव्हा ती वही घेऊन दारात उभं राहणारं कोणीतरी असायला हवं.