भिंगरीचं नाव

वूहूमधली गल्ली. १९९९ सालची उकाड्याची संध्याकाळ. यांगत्सेच्या काठचं हे शहर, पण वारा पूर्ण पडलेला. तुम्ही चालू लागता आणि पहिल्या खिडकीतला संवाद दुसऱ्या खिडकीत पुरा होतो. घरोघरी एकच मालिका लागली आहे.

दाराशी बसलेली आजी सरकून जागा देते. पडद्यावर टपोऱ्या डोळ्यांची पोर राजवाड्यात धुडगूस घालते आहे. शियाओ येन्झ, म्हणजे छोटी भिंगरी. रस्त्यावर वाढलेली, चुकून सम्राट चियानलाँगची मुलगी ठरलेली. उठता-बसता गुडघे टेकावे लागतात, म्हणून पठ्ठीनं गुडघ्यांना मऊ गाद्याच बांधल्या आहेत. आजी हसून हसून डोळे पुसते. "आमच्या वूहूचीच आहे हो ती!"

ही भिंगरी साकारणारी झाओ वेई. वय २३. बीजिंगच्या चित्रपट अकादमीत अजून शिकते आहे, आणि याच वर्षी तिच्या गाण्यांचा अल्बमही आला आहे.

आता २००६. पुन्हा तीच अकादमी, तुम्ही मागच्या बाकावर. दरम्यान 'शाओलिन सॉकर'मध्ये ती वाफवलेले पाव विकून गेली आहे, देशभर लोक तिला चेहऱ्यानं ओळखतात. तरीही ती वही घेऊन आली आहे, दिग्दर्शन शिकायला. तिच्या यशापेक्षा मला हे पुन्हा विद्यार्थी होणं मोठं वाटतं. लाडक्या भिंगरीवर तिचं आयुष्य सहज निघालं असतं.

एप्रिल २०१३. थिएटर तरुणांनी गच्च भरलंय. 'सो यंग' हा तिचा पदवीसाठीचा चित्रपट: नव्वदच्या दशकातलं कॉलेज, वसतिगृहातल्या मैत्रिणी, निसटलेली प्रेमं. कमाई ७० कोटी युआनच्या पुढे जाणार आहे. पण तुम्ही नावं संपेपर्यंत बसा. दिग्दर्शक म्हणून तिचं नाव पडद्यावर आहे, ते नीट बघून घ्या.

पुढच्याच वर्षी 'डिअरेस्ट'मध्ये ती आन्हुईच्या खेड्यातली आई होते. पोटच्यासारखं वाढवलेलं मूल पळवून आणलेलं होतं, हे कळून कोसळलेली. त्या भूमिकेनं तिला हाँगकाँगचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला.

२६ ऑगस्ट २०२१. हातात मोबाइल. चीनमधल्या मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांवरून तिचं काम काढलं जातंय. जुनी मालिका सापडते, पण कलाकारांच्या यादीत तीच नाही. अधिकृत कारण कोणी देत नाही. वीस-बावीस वर्षांची मेहनत अशी पुसली जाताना बघून माझा जीव तुटतो.

तुम्ही मालिका लावता. टपोऱ्या डोळ्यांची पोर अजून धावते आहे, गुडघ्यांना गाद्या बांधून. शेजारचं कुणीतरी लहान मूल विचारतं, ही कोण?

तुम्ही तिचं नाव सांगता.